अ‍ॅल्युमिनियम आणि सीमाभागातलं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, गोकाक, आणि घाट उतरून कारवारपर्यंत घराघरांत जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पातेली आहेत, डेअरीला अ‍ॅल्युमिनियमचे कॅन जातात, नव्या घरांना स्लायडिंगच्या खिडक्या बसतात. एकाच दुकानातून घेतलेलं पातेलं जांबोटीत वर्षानुवर्षं टिकतं आणि अथणीकडं त्याच्या बुडाला टोचल्यासारखी भोकं पडतात. धातू तोच असतो, पाणी वेगळं असतं. त्या पाण्याबद्दल लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत.

अ‍ॅल्युमिनियमला गंज चढत नाही म्हणतात. मग भोकं कशी पडतात?

लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, एवढंच खरं. अ‍ॅल्युमिनियम मुळात ऑक्सिजनला फार लवकर धरणारा धातू आहे. हवा लागताक्षणी त्याच्यावर ऑक्साईडचा थर बसतो. हा थर जेमतेम दोन ते चार नॅनोमीटर जाड असतो, डोळ्यांना दिसतही नाही. पण तो पाण्यात विरघळत नाही, धातूला घट्ट धरून असतो आणि ओरखडा गेला तर लगेच भरून येतो. पातेलं टिकतं ते या थराच्या जिवावर. पाण्याचा पीएच, म्हणजे शाळेत शिकलेला सामू, साधारण ४ ते ८.५ च्या दरम्यान असेल तोवर थर शाबूत राहतो. त्याच्या खाली आम्ल आणि वर अल्कली, दोन्ही त्याला विरघळवतात.

भोकं मात्र पीएच सात असतानाही पडतात, कारण त्यांची वाट वेगळी आहे. मिठातलं क्लोराईड थराच्या एखाद्या कच्च्या जागेतून आत शिरतं आणि तेवढ्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागी धातू विरघळायला लागतो. बाकीचं पातेलं चकचकीत राहतं, वजनातही फरक पडत नाही, आणि एक दिवस चुलीत पाणी ठिबकतं. दुकानदारानं हलका माल दिला असं म्हणण्याआधी घरात पाणी कुठून येतं आणि कशातून येतं ते बघावं.

आपल्या भागात कुठलं पाणी कसं आहे?

दोन-तीन तासांच्या प्रवासात पाणी इतकं बदलणारे जिल्हे थोडेच असतील. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडं, पाऊस मुसळधार आणि खडक जांभा. हजारो वर्षांच्या पावसानं तिथले क्षार धुऊन नेले आहेत. मलप्रभा कणकुंबीला उगवते ती याच मऊ, किंचित आम्लाकडं झुकलेल्या पाण्यानं. साबणाला भरपूर फेस येतो आणि डाळ लवकर शिजते, हे तिथल्या बायकांना कुठल्याही तपासणीशिवाय माहीत असतं.

बेळगाव शहराला मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपचं आणि घटप्रभेवरच्या हिडकलचं पाणी येतं. दोन्ही धरणांत घाटमाथ्याकडचं पावसाचं पाणी साठतं, म्हणून ते बोअरच्या मानानं सौम्य असतं. निपाणी-चिकोडीकडं वेदगंगा, दूधगंगेचं पाणीही वाईट नाही. पण तिथंच मळ्यातली विहीर किंवा बोअर घेतलं तर काळ्या दगडातून आलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियमचं बायकार्बोनेट बरोबर येतं. अशा पाण्यालाच जड पाणी म्हणतात.

अथणी, रायबागकडं पाऊस कमी, जमीन काळी आणि ऊस कालव्याच्या पाण्यावर. जिथं पाण्याचा निचरा झाला नाही तिथं जमिनी क्षारपड झाल्या आणि आसपासचे बोअर मचूळ झाले. अ‍ॅल्युमिनियमच्या दृष्टीनं आपल्या भागातलं सगळ्यांत अवघड पाणी हेच, कारण त्यात जडपणाही असतो आणि मीठही.

गोकाक, रामदुर्गकडं खडकाचीच जात बदलते. घटप्रभा गोकाकला ज्या कड्यावरून ५२ मीटर खाली उडी घेते तो क्वार्टझाइटचा आहे, आणि त्या दगडातून पाण्यात फारसं काही उतरत नाही. पुढं बागलकोटच्या दिशेला चुनखडी लागते. तिच्यातून आलेलं पाणी चांगलंच जड असतं. एका गावच्या दोन बोअरचं पाणीही सारखं नसतं, म्हणून हे सगळं ढोबळ समजावं.

म्हणजे जड पाणी वाईट आणि मऊ पाणी चांगलं?

इतकं सरळ नाही. नुसतं जड पाणी बुडाला पांढरा थर देतं, त्यानं भोक पडत नाही. नुसत्या खारट पाण्यातही अ‍ॅल्युमिनियम पुष्कळ दिवस तग धरतं. खरा घात होतो तो चार गोष्टी एकत्र आल्यावर: क्लोराईड, बायकार्बोनेट, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि अगदी थोडंसं तांबं. यातली एखादी काढून घेतली की खड्डे पडण्याचा वेग एकदम उतरतो. बोअरच्या पाण्यात पहिल्या तीन गोष्टी आयत्याच असतात. चौथी आपण घरात आणतो.

तांबं पाण्यात येतं कुठून?

बंबातून. तांब्याच्या हंड्यातून, पितळी घागरीतून, नळाच्या पितळी चावीतून, गीझरच्या तांब्याच्या टाकीतून, गॅस गीझरच्या कॉईलमधून, छपरावरच्या सोलरच्या नळ्यांतून. रात्रभर तांब्यात राहिलेल्या पाण्यात थोडं तांबं उतरतंच. पिण्याच्या दृष्टीनं ते प्रमाण किरकोळ असतं. अ‍ॅल्युमिनियमच्या दृष्टीनं नसतं. लिटरला ०.०२ ते ०.०५ मिलिग्रॅम तांबंसुद्धा खड्डे सुरू करायला पुरतं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आय.एस. १०५०० मध्ये, तांब्याची स्वीकार्य मर्यादाच लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे रिपोर्टमध्ये पूर्ण पास झालेलं पाणी पातेल्याला नापास करू शकतं. मला वाटतं, या विषयात सगळ्यांत कमी माहीत असलेली आणि सगळ्यांत कामाची गोष्ट हीच आहे.

घडतं ते असं. पाण्यातलं तांबं अ‍ॅल्युमिनियमला भेटलं की अदलाबदल होते. अ‍ॅल्युमिनियमचा कण पाण्यात उतरतो आणि तांब्याचा कण त्याच्या जागी धातू होऊन बसतो. त्या प्रत्येक कणाभोवती एक बारीकशी विद्युत घटमाला तयार होते. तांबं सुरक्षित राहतं, शेजारचं अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. एकदा बसलेला कण धुऊन जात नाही. पुढं पाणी बदललं तरी तो तिथंच काम करत राहतो.

तेव्हा तांब्याच्या हंड्यातलं पाणी जरूर प्या. पण आधी बंबात तापवलेलं किंवा हंड्यात ठेवलेलं पाणी जर्मनच्या पातेल्यात साठवू नका. उलट क्रम चालतो. जर्मनमधून तांब्यात ओतलेल्या पाण्यानं दोघांचंही काही बिघडत नाही.

पातेल्याच्या बुडाला पांढऱ्या पुळ्या आल्या आहेत. त्या काय आहेत?

एक पुळी सुईच्या टोकानं हलकेच उचलून बघा. वरचं टोपण कडक, पांढरट, बोअरच्या पाण्यात लोह असेल तर विटकरी छटेचं. आत ओलसर, खिरीच्या तळासारखा चिकट पांढरा लगदा. तो अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साईड असतो. तो बोटानं पुसला की खाली काळपट तोंडाचा लहानसा खड्डा दिसतो. टोपणाखालचं थेंबभर पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा बरंच आम्ल झालेलं असतं, कारण विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम पाण्याशी अभिक्रिया करून आम्ल तयार करतं आणि टोपणामुळे ते बाहेर पडू शकत नाही. खड्डा स्वतःच्या आम्लात स्वतःला खोदत जातो.

पुळ्या दिसल्या म्हणून भांडं लगेच टाकून द्यायची गरज नाही. नायलॉनच्या ब्रशनं टोपणं काढा, गरम पाण्यानं धुवा, पूर्ण कोरडं करा. त्यात पाणी साठवणं बंद केलं की बहुतेक खड्डे तिथंच थांबतात.

एकदा खड्डा पडला की तो किती दिवसांत आरपार जातो?

नैसर्गिक पाण्यातल्या मोजमापांतून एक नियम सापडलेला आहे: खड्ड्याची खोली काळाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा पहिल्या वर्षी खड्डा ०.४ मिलिमीटर गेला. तो ०.८ व्हायला आठ वर्षं लागतील आणि १.२ व्हायला सत्तावीस. सुरुवातीला वेग जास्त, मग तो मंदावत जातो. व्यवहारात याचा अर्थ असा की पत्रा दुप्पट जाड घेतला तर भोक पडायला आठपट वेळ लागतो. म्हणून पातळ, हलकं पातेलं स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. जाड बुडाच्या भांड्यासाठी दिलेले जास्तीचे पैसे या एका नियमानं वसूल होतात.

हा नियम एकाच पाण्यात न हलवता ठेवलेल्या धातूचा आहे. रोज तारेच्या घासणीनं थर खरवडला किंवा मधूनच तांब्याचं पाणी आलं, तर हिशोब बदलतो.

पातेलं आतून काळं पडतं. ते विषारी आहे का?

नाही. बायकार्बोनेट असलेलं पाणी उकळताना त्यातला कार्बन डायऑक्साईड निघून जातो आणि पाणी अल्कलीकडं झुकतं. अशा गरम पाण्यात ऑक्साईडचा थर जाड होतो आणि त्यातून परतणाऱ्या प्रकाशामुळे तो राखाडी, तपकिरी, काळा दिसतो. बटाटे किंवा अंडी उकडल्यावर पाण्याच्या रेघेपर्यंतच काळं झालेलं पातेलं कुणी पाहिलं नसेल? ते हेच.

माझा सल्ला, हा काळेपणा तसाच राहू द्या. तो थर जाड झालेला आहे, म्हणजे धातूची राखण जास्त चांगली होते आहे. पाहुण्यांसाठी लख्ख हवंच असेल तर चिंच किंवा लिंबाच्या साली घालून पाणी उकळा आणि ते पाणी फेकून द्या. मात्र त्यानंतर पातेलं पुन्हा उघडं पडलेलं असतं, हे लक्षात असू द्या.

उकळत्या पाण्यानं जास्त झिजतं की गार पाण्यानं?

भोकं पडण्याच्या बाबतीत गार, साठलेलं पाणी जास्त वाईट. उकळत्या पाण्यात ऑक्सिजन कमी उरतो आणि साधारण सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या वर थराची जातच बदलते, तो अधिक दाट बसतो. खड्डे झाले तरी पुष्कळ आणि उथळ होतात. रात्रभर भरून ठेवलेल्या पातेल्यात ते थोडे आणि खोल होतात. वाहत्या पाण्यात आणखी कमी, कारण तळाला काही साचत नाही आणि सगळीकडं ऑक्सिजन सारखा मिळतो.

पावसाचं, झऱ्याचं, आरओचं पाणी?

तिन्ही चालतात. पावसाच्या पाण्याचा पीएच साधारण ५.६ असतो, तो थराला सोसतो, आणि क्षार जवळजवळ नसल्यामुळे घटमालेला वीज वाहायला वाटच मिळत नाही. खानापूरच्या झऱ्याचं तसंच. फक्त मऊ, आम्लाकडचं पाणी तांबंही सहज उतरवतं, तेवढं बंबाचं पथ्य तिथंही पाळावं.

पुरात बुडालेल्या वस्तूंचं काय?

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा आणि घटप्रभेकाठची हजारो घरं पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर लोकांनी भिंती धुतल्या, भांडी धुतली, पण स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमधला गाळ पुष्कळ ठिकाणी तसाच राहिला. पुराचं पाणी स्वतः फार खारट नसतं. ओला गाळ मात्र धातूला चिकटून महिनोनमहिने ओल धरतो. त्याच्याखाली ऑक्सिजन पोचत नाही, थर भरून येत नाही, आणि ट्रॅकला आतून पांढरी भुकटी सुटायला लागते. शेजारी लोखंडी स्क्रू असेल तर आणखी लवकर.

पुन्हा पाणी आलंच, तर गाळ ओला असतानाच साध्या पाण्यानं आणि जुन्या दातांच्या ब्रशनं ट्रॅक साफ करा. खाली पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात, ती मोकळी करा. वाळलेला गाळ खरवडून काढायला गेलं की वरचा रंग किंवा अ‍ॅनोडाईझचा, म्हणजे विजेनं मुद्दाम जाड केलेल्या ऑक्साईडचा, थरही जातो. एकावर एक रचलेले पत्रे आणि भांडीही सुटी करून वाळवा. दोन पत्र्यांमध्ये अडकलेलं नुसतं पाणीसुद्धा न निघणारे पांढरे डाग पाडतं.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते जर्मनमध्ये ठेवलं तर?

तुरटीनं थोडं आम्ल तयार होतं, पण नदीच्या पाण्यातलं बायकार्बोनेट ते शमवतं. अडचण तळाला बसणाऱ्या गाळाची आहे. निवळलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या.

दुधाचे कॅन वर्षा-दोन वर्षांत खड्डे धरतात. दुधामुळे?

दुधामुळे सहसा नाही, धुण्यामुळे. चिकोडी-निपाणीकडच्या गावांत कॅन रिकामे झाले की धुण्याचा सोडा टाकून बोअरच्या पाण्यानं धुतात आणि झाकण लावून ठेवून देतात. यात दोन चुका आहेत. नुसत्या सोड्याचं पाणी पीएच ११ च्या आसपास जातं आणि थर सरळ विरघळवतं. दुसरं म्हणजे, बंद कॅनच्या तळाच्या कडेला वाटीभर पाणी रात्रभर उभं राहतं, आणि खड्डे नेमके त्याच गोलाईत सापडतात.

डेअरीसाठी मिळणाऱ्या पावडरीत सोडियम मेटासिलिकेट असतं. तेही अल्कलीच, पण सिलिकेट धातूवर पातळ पडदा धरतं आणि झीज रोखतं. तीच पावडर वापरा. ब्लिचिंगचं पाणी वापरलं तर थोडा वेळच ठेवून लगेच खळबळून टाका. आणि कॅन लाकडी मांडणीवर उलटा, झाकण काढून, पूर्ण निथळू द्या. या एका सवयीनं जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या पावडरीनंही पडत नाही.

राख, पापडखार, चुना?

तिन्ही अल्कली. राखेनं घासून लगेच धुतलं तर थोडीच झीज होते, पण राखेचा ओला लेप लावून भांडं रात्रभर ठेवू नये. पापडखाराचं पाणी जर्मनमध्ये उकळू नका, त्याला स्टील घ्या. ओला चुना आणि सिमेंट तर पीएच १२ च्या वर असतात. गिलावा करताना खिडकीच्या चौकटीवर उडालेला शिंतोडा तासाभरात कायमचा पांढरा डाग देतो, म्हणून चौकटीला प्लास्टिक लावून ठेवा आणि उडालाच तर तेव्हाच पुसा.

अल्कलीची ही ताकद बेळगावकरांना दूर जाऊन बघायला नको. यमनापूरजवळच्या हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साईटमधून अ‍ॅल्युमिना वेगळा काढतात तो गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवूनच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शोधलेली बायर पद्धत ती हीच.

गाडीच्या रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घातलं तर चालेल?

नाही. अडचणीच्या वेळी गाडी घरापर्यंत आणण्यापुरतं ठीक. आल्यावर काढून टाका आणि क्षारमुक्त पाण्यातलं कूलंट भरा. रेडिएटरचा पत्रा पातेल्यापेक्षा कितीतरी पातळ असतो.

कारवारकडं समुद्राच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम टिकतं कसं?

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराईड असतं, मचूळ बोअरच्या कितीतरी पट. तरीही त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या बोटी वर्षानुवर्षं चालतात. पीएच ८.१ च्या आसपास, म्हणजे थराच्या हद्दीत असतो. आणि बोटीला वापरतात तो मॅग्नेशियम मिसळलेला धातू, ५०५२ किंवा ५०८३ क्रमांकाचा. तांबं मिसळलेला २००० मालिकेतला कणखर धातू समुद्रात लवकर खराब होतो. तांबं बाहेरून आलं काय किंवा धातूतच असलं काय, परिणाम तोच. म्हणून अशा बोटीच्या तळाला तांबं असलेला रंग लावत नाहीत, पितळी जोड थेट बसवत नाहीत, आणि जस्ताचे ठोकळे जोडतात. अ‍ॅल्युमिनियमऐवजी ते झिजतात.

मासळीची घमेली साध्या पत्र्याची असतात. ती खाऱ्या पाण्यानं धुतली तरी शेवटचं पाणी गोडं असावं आणि ती उन्हात पालथी घालावीत.

हे सगळं झिजलेलं अ‍ॅल्युमिनियम पोटात जातं त्याचं काय?

निरोगी माणसाचं शरीर खाल्लेल्यापैकी एक टक्क्याहूनही बरंच कमी अ‍ॅल्युमिनियम शोषून घेतं आणि तेही मूत्रपिंडावाटे बाहेर टाकतं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २०११ मध्ये ठरवलेली मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागं २ मिलिग्रॅम आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम. पाणी उकळून त्याच्या जवळपासही जाता येत नाही. आंबट आणि खारट पदार्थ मात्र पाण्यापेक्षा कितीतरी जास्त धातू उतरवतात. कटाची आमटी, ताक, चिंचेचा कोळ, आमसुलाचं सार जर्मनमध्ये रात्रभर ठेवू नये. घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर त्याचा स्वयंपाक स्टीलमध्येच करावा, कारण त्याच्या शरीरातून हा धातू नीट बाहेर पडत नाही. स्मृतिभ्रंशाशी जोडलेला संबंध अजून सिद्ध झालेला नाही.

पाण्याच्या रिपोर्टमध्ये काय बघायचं?

पीएच ६.५ ते ८.५, क्लोराईड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत, एकूण जडपणा आणि अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातलं बायकार्बोनेट) प्रत्येकी २०० च्या आत, ही आय.एस. १०५०० मधली स्वीकार्य हद्द आहे. पर्यायी स्रोत नसेल तर क्लोराईड १००० पर्यंत आणि जडपणा ६०० पर्यंत चालवून घेतात. पण क्लोराईड आणि अल्कलिनिटी दोन्ही वरच्या टोकाला असतील तर त्या घरात जर्मनची साठवण नकोच. गावपातळीवरच्या किटमध्ये तांब्याची तपासणी सहसा नसते, ती प्रयोगशाळेत वेगळी मागून करून घ्यावी लागते.

तेवढं जमत नसेल तर घरीच पारख करा. भांडीवाल्याकडून साध्या पत्र्याच्या दोन पट्ट्या घ्या, साबणानं धुऊन कोरड्या करा. दोन प्लास्टिकच्या बादल्या भरा: एक थेट बोअरच्या पाण्यानं, दुसरी तेच पाणी रात्रभर बंबात ठेवून. नायलॉनच्या दोऱ्यानं पट्ट्या अर्ध्या बुडतील अशा सोडा, आटेल तेवढं त्याच-त्याच पाण्यानं भरत राहा आणि महिनाभर हलवू नका. पट्टी सारखी राखाडी झाली असेल तर त्या पाण्यात पातेलं खुशाल वापरा. पांढऱ्या पुळ्या उठल्या असतील तर ते पाणी स्टीलच्या पिंपात भरा, आणि पुळ्या फक्त बंबाच्या बादलीत असतील तर बोअरला दोष न देता बंबाचं पाणी तेवढं वेगळं ठेवा.